साठ हजारांत अभ्यास, गेमिंग आणि स्टाइल: काऊंटरच्या मागून बघितलेला लॅपटॉप



"दादा, अभ्यासाला पाहिजे, थोडंफार गेमिंग झालं पाहिजे, आणि दिसायला एकदम भारी पाहिजे. बजेट साठ."

जूनपासून सप्टेंबरपर्यंत, अॅडमिशनच्या फेऱ्या चालू असतात तेव्हा, हे वाक्य माझ्या सांगलीच्या दुकानात दिवसातून तीन-चार वेळा तरी ऐकू येतं. व्हिडिओत या विषयाला मी सात मिनिटं दिली, ती कमी पडली. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमच्यातले निम्मे लोक शिकता शिकता काहीतरी छोटा धंदा करणारे आहेत: कुणी टी-शर्ट प्रिंटिंग, कुणी घरचे मसाले, कुणी इन्स्टावर दागिने. तुम्हाला एकाच लॅपटॉपवर असाइनमेंट, बिलिंग, पोस्टर डिझाइन आणि रात्री तासभर व्हॅलोरंट, असं सगळं करायचंय. उरलेल्यांना उद्या स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान टाकायचंय. दोघांनाही हा लेख कामाचा आहे. एकाला घेताना, दुसऱ्याला विकताना.

आधी माझी एक चूक सांगतो, कारण तिथूनच मी हे शिकलो.

2018 ची गोष्ट. दुकान टाकून दोनच वर्षं झाली होती. बीबीएमध्ये मार्केटिंग शिकलो होतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा समज. तासगाव तालुक्यातल्या एका गावाहून एक काका मुलाला घेऊन आले. बेदाण्याचे पैसे नुकतेच हातात आले होते. पोराला मेकॅनिकलला अॅडमिशन मिळालेली. काका म्हणाले, "साहेब, पोराला इंजिनिअरिंगला लागतंय, चार वर्षं टिकंल असा द्या." पोराची नजर मात्र शोकेसमधल्या चंदेरी, बारीक लॅपटॉपवर. मीही तोच काढून दिला. शेहेचाळीस हजार. त्यात मला अठ्ठावीसशे सुटत होते. शेजारच्या जाडजूड, ग्राफिक्स कार्डवाल्या मॉडेलमध्ये जेमतेम हजार. काकांनी पैसे मोजून दिले, पेढे दिले, गेले.

त्या चंदेरी लॅपटॉपला 4 जीबी रॅम होती, तीही बोर्डावर सोल्डर केलेली. वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. पुढच्या वर्षी पोराला सॉलिडवर्क्स सुरू झालं. आठ-दहा पार्टची असेंब्ली उघडली की मशीन गपगार. काका परत आले. आवाज चढवला नाही, भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "ह्यात काय वाढवून मिळंल का?" मी म्हणालो, "काका, ह्यात काहीच वाढत नाही." बदलून द्यायची तयारी मी दाखवली नाही. 'वापरलेला आहे आता' असं काहीतरी बोललो. त्यांनी मान हलवली आणि लॅपटॉप पिशवीत घालून निघून गेले.

त्या गावातून पुढची दोन वर्षं माझ्याकडे एकही गिऱ्हाईक आलं नाही. त्याआधी दर सीझनला पाच-सहा यायचे. अठ्ठावीसशे रुपये मला कितीला पडले, हिशोब तुम्हीच करा.

तेव्हापासून माझ्याकडे एक पद्धत आहे. गिऱ्हाईक आलं की लगेच लॅपटॉप दाखवायचा नाही. आधी विचारायचं: कोर्स कोणता, गेम कोणते, लॅपटॉप रोज पाठीवर न्यायचाय का, आणि चार वर्षांत ह्यावर आणखी काय करायचा विचार आहे. त्यानंतर मनात दोन कप्पे करायचे. एका कप्प्यात नंतर बदलता येणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात कधीच न बदलता येणाऱ्या. तुमचे साठ हजार दुसऱ्या कप्प्यात आधी गेले पाहिजेत. एसएसडी बहुतेक मशीनमध्ये नंतर बदलता येते. रॅम काहींमध्ये वाढते, काहींमध्ये नाही. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्डची बैठक, बॉडी, पंखे हे ज्या दिवशी घेतलं त्या दिवशीचंच शेवटपर्यंत.

"थोडंफार गेमिंग" म्हणजे नक्की किती?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. म्हणून मी गेमचं नाव विचारतो. "गेमिंग" हा शब्द ऐकून काही ठरत नाही.

व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जुने फिफा एवढंच असेल, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर ते बऱ्यापैकी चालतात. रायझनच्या काही चिपमध्ये रेडिऑन 780एम येतं, त्यावर जीटीए फाइव्हसुद्धा मध्यम सेटिंगला छान चालतो. असं मशीन बारीक असतं, हलकं असतं, बॅटरी टिकते, म्हणजे स्टाइलचाही प्रश्न सुटतो. फक्त एक अट. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, ते तुमच्या रॅममधूनच उसनं घेतं. त्यामुळे रॅम 16 जीबी आणि ड्युअल चॅनेल हवी. 8 जीबीची एकच पट्टी असेल तर तेच मशीन निम्म्या दमाचं वाटतं. इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये तर गंमत आहे: खोक्यावर आयरिस एक्सई लिहिलेलं असतं, पण आत रॅम सिंगल चॅनेल असेल तर विंडोज त्यालाच नुसतं "यूएचडी ग्राफिक्स" म्हणून दाखवतं. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "तुम्ही फसवलं." फसवलेलं नसतं. त्याने 8 जीबीच्या दोन पट्ट्यांऐवजी एकाच पट्टीचं मशीन घेतलेलं असतं, आणि विकणाऱ्याने सांगितलेलं नसतं.

नवे मोठे गेम खेळायचे असतील, किंवा कोर्सच कॅड, थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंगचा असेल, तर वेगळं कार्ड घ्या. पण कार्डाचं नाव वाचून थांबू नका. एनव्हिडियाचं लॅपटॉपमधलं आरटीएक्स 3050 हे 35 वॅटपासून 80 वॅटपर्यंत वेगवेगळ्या ताकदीने बसवता येतं. 4050 हे 35 पासून 115 वॅटपर्यंत. स्टिकर तोच, नाव तेच, दम वेगळा. बारीक, देखण्या बॉडीत कंपनीला वॅट कमी ठेवावे लागतात, कारण उष्णता बाहेर जायला जागा नसते. म्हणून "स्लिम आणि 4050" असं दिसलं की वॅट विचारा. कंपनीच्या साइटवर टीजीपी किंवा मॅक्स ग्राफिक्स पॉवर या नावाने आकडा असतो. दुकानदाराला विचारलं आणि तो म्हणाला, "तेवढं बघायची गरज नाही," तर बघायची नक्की गरज आहे.

कार्डाची स्वतःची मेमरीही बघा. 3050 हे 4 जीबी आणि 6 जीबी अशा दोन रूपांत मिळतं. आज घेत असाल तर 6 च्या खाली जाऊ नका. 2050 हे 4 जीबीचंच आहे, नावात "आरटीएक्स" आहे म्हणून भुलू नका. जुन्या गेमपुरतं ठीक.

प्रोसेसरच्या नावातली एक खोच

हा भाग दुकान टाकणाऱ्यांनी तर पाठच करावा. रायझनच्या 7000 मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा सगळं सांगतो. 7520यू मध्ये तिसरा आकडा 2, म्हणजे आतली रचना झेन 2, जी 2019 साली आली. 7530यू मध्ये 3, म्हणजे झेन 3. 7540यू मध्ये 4, म्हणजे झेन 4. तिन्हींवर "रायझन 5, 7000 सिरीज" असंच लिहिलेलं. सेलमध्ये सगळ्यात स्वस्त दिसतो तो बहुधा पहिला. ईमेल आणि वर्डला चालेल. पण चार वर्षांच्या डिग्रीला आणि त्यावर धंदा उभा करायला मी तो देत नाही.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच म्हणजे जोर लावणारा. गेमिंगच्या मशीनमध्ये एच हवा. आय5 12450एच आणि 12500एच ही नावं जवळजवळ सारखी दिसतात, पण पहिल्यात 8 कोर, दुसऱ्यात 12. आय7 चा हट्ट मात्र सोडा. या बजेटमध्ये आय7 घ्यायला गेलात की कंपनी दुसरीकडे कात्री लावते, आणि ती कात्री बहुतेक वेळा स्क्रीनवर चालते.

आणि स्क्रीन ही गोष्ट तुम्ही रोज आठ तास बघणार आहात. झाकण जगाला दिसतं, स्क्रीन तुम्हाला. या किमतीतल्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपना 144 हर्ट्झ मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात 45 टक्के एनटीएससी, 250 निट्स. याचा साधा अर्थ: हालचाल मऊ दिसेल, पण रंग फिके. इन्स्टासाठी दागिन्यांचे फोटो एडिट करणाऱ्या एका ताईंनी असंच मशीन दुसरीकडून घेतलं होतं. स्क्रीनवर साडीचा मरून रंग तपकिरी दिसायचा, म्हणून त्या लाल वाढवायच्या. मग मोबाइलवर गिऱ्हाइकाला भडक लाल दिसायचा, आणि माल परत. दोन महिने त्यांना कारणच कळलं नव्हतं. पोस्टर, फोटो, कापड, खाणं, असं रंगाशी संबंधित काहीही काम असेल तर 100 टक्के एसआरजीबी आणि किमान 300 निट्स बघा. गरज पडली तर 144 हर्ट्झ सोडा. ओलेड स्क्रीन सुंदर असते, मलाही मोह होतो. फक्त ती चकचकीत असते, आणि बिलिंगचा एकच स्क्रीन दिवसभर उघडा ठेवणाऱ्यांनी जपून, खुणा उमटू शकतात.

आता स्टाइल

स्टाइलला मी नावं ठेवत नाही. तुम्ही बँकेत मुद्रा लोनचा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन बसता, किंवा घाऊक व्यापाऱ्याला कॅटलॉग दाखवता, तेव्हा समोर उघडलेलं मशीन तुमच्याबद्दल काहीतरी बोलतं. लाल रेघा, चमकणारे ड्रॅगन, सात रंगांचा कीबोर्ड, हे हॉस्टेलमध्ये भारी वाटतं. मॅनेजरसमोर त्याच कीबोर्डचे दिवे बंद करायला धडपडणारा पोरगा मी बघितलाय. हल्ली एचपी व्हिक्टस, लेनोवो एलओक्यू, आसूस टफ, एसर नायट्रो या मालिकांमध्ये साध्या, गडद, शांत दिसणाऱ्या बॉडी मिळतात. बघणाऱ्याला कळतही नाही की हे गेमिंगचं मशीन आहे.

वजन मात्र हातात घेऊनच ठरवा. या वर्गातली मशीन सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास असतात, वर वीट वाटावी असा चार्जर अर्धा किलोचा. तुम्ही बसने मिरजेहून अप-डाऊन करणार असाल तर तीन किलो रोज पाठीवर. हॉस्टेलला राहणार असाल तर फरक पडत नाही. शिवाय गेमिंग मशीनची बॅटरी साध्या कामातही चार-पाच तासांत मान टाकते, आणि चार्जर काढून गेम खेळलात तर वेग निम्म्यावर येतो. कॉलेजात दिवसभर प्लग मिळत नसेल तर सी-टाइप पोर्टवरून चार्ज होणारं मशीन शोधा. साधं काम 65 किंवा 100 वॅटच्या छोट्या चार्जरवर होतं, वीट घरी राहते.

दुकानात गेलात की झाकण एका हाताने उघडून बघा. बिजागरी कुरकुरते का? कीबोर्डच्या मध्यावर बोटाने दाबा, तो खाली दबतो का? झाकणाचा कोपरा धरून हलकं वाकवा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बारीक लॅपटॉपमध्ये बिजागरी तुटलेले सगळ्यात जास्त असतात.

"मॅकबुक एअर घेऊ का?" हा प्रश्न हमखास येतो. दिसायला त्याला तोड नाही, बॅटरी अप्रतिम, पंखाच नसल्याने आवाज शून्य. पण व्हॅलोरंट त्यावर चालत नाही, सॉलिडवर्क्स चालत नाही, आणि टॅली प्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. कॉमर्सच्या पोराने मॅक घेऊन नंतर टॅलीसाठी जुना विंडोज लॅपटॉप घेतलेला मी बघितलाय. डिझाइन, लेखन, कोडिंग एवढंच असेल तर खुशाल घ्या.

पैशाचा भाग

आता तुम्ही उद्योजक म्हणून काय बघायचं.

तुमच्या धंद्याला जीएसटी नंबर असेल आणि तुम्ही रेग्युलर स्कीममध्ये असाल, तर बिल धंद्याच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घ्या. लॅपटॉपवर जीएसटी 18 टक्के. 59,000 च्या बिलात 50,000 किंमत आणि 9,000 कर. धंद्यासाठी वापरत असाल तर हे 9,000 इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतात. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाहीत. आणि रात्रीचं व्हॅलोरंट धंद्यात बसत नाही. निम्मा वापर घरचा असेल तर क्रेडिटही तेवढंच कमी घ्यायचं, ते सीएला विचारून ठरवा. इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरवर घसारा 40 टक्के मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. म्हणजे दिवाळीच्या सेलमध्ये हजार-दोन हजार वाचवायला थांबताना हाही हिशोब मांडा.

"नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे फुकट नव्हे. बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम आधी सवलत म्हणून किमतीतून वजा दाखवतात. क्रेडिट कार्डवर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी लागते ती तुमच्या खिशातून. म्हणून आधी विचारा, "रोख दिले तर किती?" दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. काही वेळा फरक पाचशेचा निघतो, काही वेळा चार हजारांचा.

खोक्यात मिळणारं ऑफिसही तपासा. होम अँड स्टुडंट 2021 असेल तर त्याचा परवाना घरगुती आणि अभ्यासाच्या वापरासाठी आहे, धंद्याच्या कामासाठी नाही. आणि "डॉस" लिहिलेलं स्वस्त मशीन घेतलंत तर विंडोजचा खर्च वेगळा धरा. पेन ड्राइव्हवरून कुणीतरी "टाकून देतो" म्हणेल. ज्या मशीनवर तुमचं बँकेचं लॉगिन आहे, त्यावर असलं काही टाकू नका.

रॅम नंतर वाढवायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. 2025 च्या शेवटी रॅमचे भाव चांगलेच चढले. पूर्वी मी बिनधास्त सांगायचो, "आठ घ्या, पुढच्या वर्षी आठ टाकू." आता आधी पट्टीचा त्या दिवसाचा भाव सांगतो, मगच सल्ला देतो. मशीन हातात आलं की टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरलेत ते बघा. "2 पैकी 1" दिसलं की एक जागा मोकळी.

बजेट निम्मंच असेल तर? मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसमधून निघालेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड चांगल्या अवस्थेत मिळतात. कीबोर्ड मजबूत, बॉडी मजबूत, अभ्यास आणि बिलिंगला उत्तम. गेमिंग विसरा. घेताना बॅटरी रिपोर्ट काढून घ्या, आणि विंडोज 11 रीतसर चालतं का तेही बघा, कारण विंडोज 10 चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपलाय.

परवाच एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. आर्किटेक्चर, जोडीला केक टॉपर बनवून विकते. तिला पांढरा, बारीक लॅपटॉप हवा होता, तो शोकेसमध्ये होताही. मी तिला स्केचअपचं एक मॉडेल त्यावर उघडून दिलं आणि तेच शेजारच्या काळ्या मशीनवर. दहा मिनिटं ती एकटी दोन्ही फिरवून बघत बसली. वडील चहा पीत होते. शेवटी तिने काळं घेतलं, आणि वर लावायला पांढरी स्किन मागितली. साडेतीनशे रुपये. ती मी फुकट लावून दिली.

तुमचा कोर्स, गेमची नावं, धंदा आणि बजेट एवढ्या चार गोष्टी लिहून पाठवा, मॉडेल सुचवतो. सांगलीत असाल तर दुकानात या. मी उघडून, चालवून दाखवतो, घेतलाच पाहिजे असं काही नाही. फक्त शनिवारी संध्याकाळी येऊ नका, तेव्हा दुरुस्तीची गर्दी असते. पुढच्या व्हिडिओत प्रिंटर घेऊ: शाईचा टँकवाला की लेझर, आणि एका पानाचा खरा खर्च कसा काढायचा.